काकू, तुमच्या महिनाभराच्या वहीबद्दल

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

हे पत्र मी दुकानात येऊन तुमच्या हाती देऊ शकले असते, कारण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुमच्या औषधांच्या दुकानापासून माझा टॅटू स्टुडिओ अवघा एक जिना वर आहे. तरीही ते सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे, कारण गेल्या काही महिन्यांत सांगली, बेळगाव आणि पणजी इथे टॅटू काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी मला एकच प्रश्न वारंवार विचारला आहे: पैसे घेण्यासाठी कोणत्या कंपनीचे यंत्र घेतले? कंपनीचे नाव सांगून त्यांचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही. तुम्ही मला तो निर्णय कसा घ्यायला लावला, हेच प्रत्येक वेळी सांगावे लागते. मग ते तुमच्या आभारासह एकदाच नीट लिहावे असे वाटले.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. दुपारी एका तरुणाने दंडावरच्या कामाचे साडेचार हजार रुपये भरल्याचे मोबाइलवर दाखवले होते. हिरवी खूण होती, माझे नाव होते, रक्कमही बरोबर होती. माझ्या हातांत मोजे होते आणि पुढची मुलगी खुर्चीत येऊन बसली होती, म्हणून मी मान हलवली. रात्री खाते पाहिले तेव्हा ते पैसे आलेच नव्हते. असा बनावट पडदा दाखवणारी अॅप असतात, हे मला त्या रात्री कळले.

आमच्या कामातली ही अडचण बाहेरच्याला चटकन समजत नाही. टॅटू संपतो तेव्हा आमच्या हातमोज्यांना शाई आणि रक्त लागलेले असते. त्याच हातांनी मोबाइल धरला, तर त्याच्यावरचे सगळे पुढच्या माणसाच्या त्वचेपर्यंत जाऊ शकते. आणि दर वेळी मोजे काढायचे, हात धुवायचे, संदेश पाहायचा, पुन्हा नवे मोजे घालायचे, हे गर्दीच्या दिवशी होत नाही. तुम्ही हे सारे शांतपणे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, “हात मोकळे नसतील तर कानांनी खात्री कर.” रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्सची गोष्ट तिथेच निघाली. तुमच्या गल्ल्याशेजारी तो कित्येक दिवस बोलत होता आणि मी जिन्यावरून येता-जाता तो ऐकत होते, पण माझ्या खोलीत त्याचा काय उपयोग, असे मला कधी वाटले नव्हते.

त्याच आठवड्यात एका कंपनीचा प्रतिनिधी माझ्याकडे कार्डाचे यंत्र घेऊन आला होता. महिन्याला पाचशे रुपये भाडे, त्यावर जीएसटी, एका वर्षाचा करार आणि “सगळ्या कार्डांवर दोन टक्के” असा त्याचा प्रस्ताव होता. कार्ड घेणारा स्टुडिओ मोठा दिसतो, असे तो म्हणाला आणि मला ते पटलेही होते. सही करण्याआधी कागद तुम्हाला दाखवला, हे माझे भाग्य. “सगळ्या कार्डांवर” या शब्दांखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ ओढलीत. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याकडून यंत्रावरच्या डेबिट कार्ड व्यवहारासाठी ०.४० टक्क्यांहून अधिक आणि एका व्यवहाराला दोनशे रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही, ही रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून लागू केलेली मर्यादा आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर तर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्कच नाही. दोन टक्क्यांची भाषा क्रेडिट कार्डापुरती आहे. हे तुम्ही पाठ म्हटल्यासारखे सांगितलेत. दुसऱ्या दिवशी मी प्रतिनिधीला हाच प्रश्न विचारला तेव्हा त्याने दर बदलून दिले, यावरून तुमचे म्हणणे किती पक्के होते ते मला उमगले.

तरीही तुम्ही मला यंत्र घे किंवा घेऊ नकोस, असे काहीच सांगितले नाहीत. त्याऐवजी एक साधी चाळीस पानी वही दिलीत आणि महिनाभर प्रत्येक रक्कम तिच्यात लिहायला सांगितलीत. किती पैसे आले, कशाने आले, किती वाजता आले, देणारा समोर होता की दूर होता, आणि त्या वेळी माझ्या हातांत मोजे होते की नव्हते, असे पाच रकाने तुम्हीच आखलेत. शेवटचा रकाना तुम्हाला कसा सुचला याचे मला अजून आश्चर्य वाटते, कारण माझ्या व्यवसायाचे खरे उत्तर त्याच रकान्यात निघाले.

महिनाअखेरीस आपण दोघी दुकान बंद झाल्यावर वही घेऊन बसलो. एकूण सत्तेचाळीस नोंदी होत्या. त्यांतल्या अडतीस यूपीआयच्या, सहा रोखीच्या आणि तीन क्रेडिट कार्डाच्या होत्या. तीन जणांचे कार्ड मी मैत्रिणीच्या बुटिकमधल्या यंत्रावर घेतले होते आणि त्यांची बेरीज एकवीस हजार होती. तुम्ही हिशेब मांडलात: यंत्राचे भाडे जीएसटीसह पाचशे नव्वद, एकवीस हजारांवर दोन टक्के म्हणजे चारशे वीस, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे पंचाहत्तर रुपये साठ पैसे, म्हणजे एकवीस हजार मिळवण्यासाठी एक हजार पंच्याऐंशी रुपये साठ पैसे, शेकडा पाच रुपयांहून जास्त. त्या तिघांपैकी दोघांनी तर यूपीआयही चालेल का, असे आपणहून विचारले होते. मोज्यांच्या रकान्यात मात्र एकोणतीस वेळा “होय” लिहिलेले होते. तेव्हा मला पैसे घेण्याच्या आणखी एका मार्गाची गरज नव्हती; आहे त्या मार्गाने पैसे खरोखर आले की नाहीत, हे हात न लावता कळण्याची गरज होती.

काकू, ही वही नसती तर मी वर्षभराचा करार करून मोकळी झाले असते, आणि बनावट पडद्याचा धोका मात्र होता तिथेच राहिला असता.

तुमच्या सांगण्यावरून मी स्टुडिओच्या नावाने चालू खाते उघडले आणि आरशावर चिकटवलेला माझ्या बचत खात्याचा क्यूआर कोड काढून टाकला. घरचे आणि धंद्याचे पैसे एकत्र असणे किती घातक आहे, हे तुम्ही एकाच उदाहरणाने समजावलेत. एखाद्या गिऱ्हाइकाने फसवणुकीतून आलेले पैसे आपल्याला दिले, तर तपासात आपले खाते गोठवले जाऊ शकते, आणि त्यात आईच्या औषधाचे पैसेही अडकतात. आता साउंडबॉक्स महिना सव्वाशे रुपयांत स्टरलायझरच्या वरच्या फळीवर बोलतो, आणि मी मान वर न करता काम चालू ठेवते. यूपीआय फुकट म्हणजे सगळेच फुकट नव्हे, ही तुमची सूचनाही उपयोगी पडली: कोणी रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दोन हजारांहून मोठी रक्कम दिली, तर व्यापाऱ्याला शुल्क लागू शकते, म्हणून तो दर बँकेकडून लेखी घ्यायला तुम्ही मला भाग पाडलेत.

इसाराचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. माझे अर्धे काम नक्षी काढण्यात असते, आणि दोन रात्री खपून नक्षी तयार केल्यावर माणूस आलाच नाही असे अनेकदा घडले होते. मी संकोचाने इसार मागत नसे. तुम्ही सांगितलेत की औषधाच्या दुकानात मागवून घेतलेल्या खास औषधाचा इसार कोणी अपमान मानत नाही, मग नक्षीचा का मानावा? आता मी हजार रुपये आगाऊ घेते, पण त्याआधी अटी लिहून पाठवते: ही रक्कम शेवटच्या बिलातून वजा होईल, दोन दिवस आधी कळवल्यास तारीख बदलता येईल, न कळवता न आल्यास इसार परत मिळणार नाही. परत देण्याची वेळ आलीच, तर पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने जातात. “चुकून जास्त पाठवले, या दुसऱ्या नंबरवर परत करा” असे सांगणाऱ्या दोन अनोळखी माणसांना मी एवढ्या नियमामुळे ठामपणे नकार देऊ शकले. मोठ्या कामाचे पैसेही आता अखेरीस एकदम न घेता प्रत्येक बैठकीनंतर घेते.

एका गिऱ्हाइकाच्या खात्यातून तीन हजार वजा झाले आणि साउंडबॉक्स मात्र गप्प राहिला, त्या संध्याकाळी तो माणूस बिचारा फार अस्वस्थ झाला होता. तुम्ही वर आलात, त्याला बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवायला सांगितलात आणि दुकानदाराला न पोहोचलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई असते, असा नियम समजावलात. त्याचे पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. तो माणूस आता त्याच्या बहिणीलाही घेऊन येतो.

२०२५ च्या जुलैमध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयवरच्या जमेच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि कित्येकांनी “फक्त रोख” अशा पाट्या लावल्या, तेव्हा बेळगावच्या सहकाऱ्याप्रमाणे मीही घाबरले होते. तुम्ही पाटी लावू दिली नाहीत. सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आपण त्याच्या बरेच खाली आहोत, आणि वर गेलो तर नोंदणी करू, लपवण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणालात. माझ्या कर सल्लागारांनी वही पाहून सांगितले की अनुमानित करयोजनेत डिजिटल जमेवर सहा टक्के आणि रोख जमेवर आठ टक्के नफा धरला जातो. म्हणजे तुम्ही आखलेल्या रकान्यांचा तिथेही लाभ झाला.

पणजीच्या मैत्रिणीची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. डिसेंबरात मी तिच्या स्टुडिओत पंधरा दिवस काम करायला जाते. तिने माझे पाहून कार्डाचे यंत्र परत करायचे ठरवले होते. मी तिला आधी महिनाभर वही लिहायला लावली. तिच्याकडे येणाऱ्यांत परदेशी पाहुणे बरेच आहेत, त्यांच्यापाशी बहुधा भारतीय बँक खाते नसते, आणि परदेशी कार्डांवरचे शुल्क जास्त असले तरी एकेक काम पंधरा-वीस हजारांचे असते. तिची बेरीज माझ्या अगदी उलट निघाली. तिने यंत्र ठेवले, फक्त दर पुन्हा बोलून कमी करून घेतला. तुमची वही दोघींच्या उपयोगी पडली आणि दोघींना वेगवेगळे उत्तर देऊन गेली, याचा मला फार आनंद आहे.

तुम्ही या सगळ्याचा एक रुपयाही घेतला नाहीत. उलट पहिली वही तुमच्याच दुकानातली होती. दिवसभर उभे राहून दुकान सांभाळल्यावर रात्री साडेनऊला माझ्या आकड्यांसमोर बसणे किती कष्टाचे असेल, याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून तुमची ऋणी आहे.

चौथी वही आता भरत आली आहे. साउंडबॉक्सच्या कराराचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि त्यांनी भाडे वाढवल्याचे पत्र पाठवले आहे. ते पत्र आणि वही घेऊन मी रविवारी दुकान बंद झाल्यावर खाली येते. रेघा ओढायला पेन्सिल मीच आणीन.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची टॅटूवाली