शनिवारची प्रश्नमंजूषा : फाशी, दया आणि राष्ट्रपती

मुलांनो, शनिवारी पहिल्या दोन तासिकांना वर्गातच प्रश्नमंजूषा आहे. पाच-पाच जणांचे गट; मोबाइल आणू नका.

राष्ट्रपतींची यादी क्रमाने पाठ हवी. दोनदा निवडून आलेले एकमेव डॉ. राजेंद्र प्रसाद, २००७ मध्ये पहिल्या महिला राष्ट्रपती झालेल्या आपल्या प्रतिभाताई पाटील, एवढं तर सगळ्यांना येतंच. खरे गुण दुसऱ्या भागाला आहेत. राज्यघटनेचं कलम ७२ नीट वाचा. दयेचा अधिकार राष्ट्रपतींचा असला, तरी त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा लागतो. गेल्या वेळी बरेच गट इथेच चुकले. राज्यपालांचं कलम १६१ शेजारी ठेवून वाचलंत की फरक कळेल. फाशी केव्हा द्यायची यासाठी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा निकष घालून देणारा १९८० चा बच्चनसिंग निकाल आणि २०१४ चा शत्रुघ्न चौहान निकाल येणारच. चौहान निकालात १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, बहुतेकांची दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे.

एक कळकळीची विनंती : यातल्या प्रत्येक खटल्यात कुणाचा तरी जीव गेलेला आहे आणि दुसऱ्या कुणाचा टांगणीला लागलेला. बरोबर उत्तरावर आरडाओरडा नको.

गटांची नावं गुरुवारपर्यंत वर्गप्रमुखाकडे द्या.