ऑक्सिजन टिकतो तो चिखलामुळे

संपादक महोदय,

पावसाळा आला की वृक्षारोपणाच्या बातम्यांत 'एक झाड चार माणसांना ऑक्सिजन पुरवतं' हे वाक्य हमखास छापून येतं. झाडं लावावीतच, पण हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपल्या खाड्या मोजतात, म्हणून हे पत्र.

झाड ३० किलो कोरडं लाकूड धरतं तेव्हा साधारण ४० किलो ऑक्सिजन हवेत सोडतं. माणसाला वर्षाला तीनशे किलोच्या आसपास लागतो. म्हणजे वर्षाला ३० किलोनं वाढणारी सात-आठ झाडं एका माणसाला हवीत, आणि तीही वाढत असेपर्यंतच. झाड जळलं, कुजलं किंवा वाळवीनं खाल्लं की तो सगळा ऑक्सिजन पुन्हा खर्ची पडतो. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, हेही खरं नाही. उजेडाशिवाय कुठलंच पान तो बनवत नाही. आपल्या श्वासाची भरपाई शेतातच झालेली असते. ज्वारीची भाकरी अंगी लागताना जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, तेवढा तिचे दाणे भरताना ज्वारीच्या रोपानं हवेत सोडलेला असतो.

मग हवेत २०.९५ टक्के ऑक्सिजन साठला कसा? पानं, शेवाळ, समुद्रातले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांचा अगदी थोडा अंश कुजण्याआधीच गाळाखाली गाडला जातो. तो कुजवायला लागला असता तेवढा ऑक्सिजन हवेत शिल्लक राहतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ बंगालच्या उपसागराच्या तळाशी हेच काम करतो आहे. दुसरीकडे ज्वालामुखीचे वायू आणि झिजणारे खडक ऑक्सिजन खातात. कोकणातल्या जांभ्याचा तांबडा रंग हा काळ्या कातळातल्या लोहानं घेतलेल्या ऑक्सिजनचाच. ही जमाखर्चाची वही लाखो वर्षांची आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांत मिळून सुमारे ५५,००० कोटी टन कार्बन आहे. तो सगळा जाळला तरी ऑक्सिजन २०.९२ टक्क्यांच्या आसपास राहील. कोळसा-तेलामुळे तो दरवर्षी दहा लाख भागांत सुमारे ४ भागांनी घटतो. अमेरिकी शास्त्रज्ञ राल्फ कीलिंग यांनी १९८०च्या दशकाअखेर एवढी बारीक घट मोजण्याची पद्धत बसवली. गुदमरण्याची भीती नाही. धोका आहे तो त्याच जळण्यातून वाढणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा.

म्हणूनच कांदळवन तोडून 'बदल्यात' डोंगरावर रोपं लावली, तेवढाच ऑक्सिजन मिळाला, असं म्हणणं मला मान्य नाही. खाजणातला, म्हणजे कांदळवनाच्या दलदलीतला, चिखल थोडा उकरून पाहा. वरचा थर करडा-तपकिरी, खाली काळा, आणि सडक्या अंड्याचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, म्हणून मुळं आणि पानं पूर्ण कुजत नाहीत, आणि लोह व गंधक मिळून पायराइट बनतं. पायराइट गाडलं जाणं हीसुद्धा ऑक्सिजनच्या खात्यातली जमाच. तोच चिखल उपसून वाळवला की पायराइट ऑक्सिजन घेऊन सल्फ्युरिक आम्ल सोडतं, जमीन आंबट होते, पाझरणाऱ्या पाण्यानं मासे मरतात, आणि साठलेला कार्बनही कुजून हवेत जातो.

भरपाईच्या प्रस्तावात रोपांच्या आकड्याआधी उकरल्या जाणाऱ्या चिखलाची खोली आणि त्यातल्या कार्बनचं मोजमाप मागावं. आपल्या बातमीदारांनीही हाच प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपला,
भूशास्त्राचा एक शिक्षक, रत्नागिरी