स्टॅनफर्डला नाव नडत नाही, प्रवेशाचं वेळापत्रक नडतं

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलची चर्चा निघाली की कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'एवढ्या हुशारांच्या विद्यापीठात चांगला खेळाडू कशाला जाईल?' हे निदान चुकीचं आहे.

२००६ मध्ये १२ पैकी ११ सामने हरलेला हा संघ प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्या हाताखाली २०१० मध्ये १३ पैकी १२ जिंकला. अँड्र्यू लकसारखा नामांकित खेळाडू टेक्सासमधून आला, पुढे ख्रिश्चन मॅकॅफ्री कोलोरॅडोमधून. घराजवळची मोठी मैदानं सोडून मुलं कॅलिफोर्नियात आली, त्यात त्या पदवीच्या वजनाचा वाटा मोठा होता. आईवडिलांना पटवताना प्रशिक्षकाचं निम्मं काम विद्यापीठाचं नावच करत असे.

अडचण होती, पण ती वेगळी. महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीत खेळायला शाळेतले १६ मुख्य विषय आणि ४ पैकी २.३ सरासरी पुरते. प्रवेश चाचणीची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. स्टॅनफर्डमध्ये मात्र खेळाडूलाही निबंधांसह पूर्ण अर्ज भरावा लागतो आणि शेवटचा शब्द प्रवेश कार्यालयाचा असतो. म्हणजे इतर ठिकाणी दहावी-अकरावीत मिळालेली संघात घेण्याची ऑफर पक्की वाटते, तर इथली प्रवेशाचं उत्तर येईपर्यंत अधांतरीच राहते. बारावीत सोपे विषय घेतले, एका सत्रात गुण घसरले, की ती हातची जाते. खेळ आणि अभ्यास या दोन्ही कसोट्यांना उतरणारी मुलं प्रत्येक राज्यात मोजकीच, म्हणून शोध देशभर घ्यावा लागतो. तरीही शाळेतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे गणित वर्षानुवर्षं जमत होतं.

ते बिघडलं २०२१ मध्ये. त्या वर्षी खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली आणि जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचीही. संघांचा मोठा भाग आता दुसऱ्या विद्यापीठांतून येणाऱ्या खेळाडूंमधून, हिवाळ्यातल्या काही आठवड्यांत उभा राहतो. इथे क्रेडिटचा, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या एककांचा, हिशेब आडवा येतो. खेळत राहायला तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. समजा, १२० क्रेडिटच्या पदवीतले ६० एका खेळाडूने दोन वर्षांत मिळवले आणि नव्या विद्यापीठाने त्यातले ४० च मान्य केले. हवेत ४८. मुलगा नापास झालेला नाही, तरी मैदानाबाहेर. अभ्यासक्रम जितका वेगळा आणि कडक, तितके क्रेडिट जास्त कापले जातात. शिवाय अर्ज तपासायला महिना लागला, तर तोवर खेळाडू दुसरीकडे वर्गात बसलेला असतो. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं स्टॅनफर्डने १२ पैकी प्रत्येकी ३ सामने जिंकले. दोष फक्त या एका गोष्टीचा नाही, पण माझ्या मते मोठा वाटा हिचाच.

टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडे पाहा. अभ्यासाचा दबदबा त्यांचाही मोठा. पण दुसरीकडून येणाऱ्यांसाठी त्यांनी दार उघडं ठेवलं. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून आलेला खेळाडू डिएगो पाव्हिया याच्या नेतृत्वाखाली ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. नावाची प्रतिष्ठा त्यासाठी कुठेही उतरवावी लागली नाही.

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत मुलं शाळेच्या संघात खेळतात, त्यांनी आयव्ही लीगचा, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ विद्यापीठांच्या गटाचा, वेगळा नियम ध्यानात ठेवावा. तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, पैशाची मदत फक्त कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. अकरावी संपल्यावर जुलैपासून प्रशिक्षक गुणपत्रकं प्रवेश कार्यालयाकडे प्राथमिक तपासणीला देऊ शकतात. तिथून 'ठीक' आलं तरी तो प्रवेश नव्हे. १ ऑक्टोबरपासून प्रवेश कार्यालय स्वतः जे संभाव्य प्रवेशाचं पत्र पाठवतं, ते हाती येईपर्यंत बाकीच्या ऑफर नाकारू नयेत, आणि त्याच जुलैत मदतीचा अंदाजही लेखी मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया