पत्रिकेत नावं नसलेल्यांचे आभार

संग्रहालयात दर खेपेला भरणारं आपल्या भागातल्या समकालीन कलाकारांचं प्रदर्शन काल उतरलं. निवड समितीचे आभार उद्घाटनालाच मानून झाले होते. हे बाकीच्यांसाठी.

माझी जलरंगातली चित्रं खोक्यातून काढताना दोघा मदतनिसांनी कागदाचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक डाग नोंदवला, आणि परत बांधताना तीच नोंद समोर ठेवून पुन्हा तपासला. एवढ्या निगुतीने तर मीही ती कधी पाहिली नव्हती! दालन अंधारं का, असं विचारल्यावर प्रकाशयोजनेच्या ताईंनी उजेड लक्स या एककात मोजणारा मीटरच दाखवला. कागदावरच्या कामाला 50 लक्सच्या आसपास, तैलरंगाला 200 पर्यंत चालतं. ‘उडालेला रंग परत येत नाही,’ म्हणाल्या. तरी दिवा किंचित वळवून दिलाच.

लेबलं रातोरात दुरुस्त करणाऱ्यांचेही आभार.

आणि दालनातले रखवालदार काका. ‘यात बघायचं काय?’ असं विचारणाऱ्याला ते एवढंच सांगत, ‘आधी लांबून बघा, मग जवळ या.’ माझ्या पानभर निवेदनापेक्षा ते कामाचं होतं.

पुढच्या खेपेला माझी निवड होवो न होवो, मांडणीला माणूस कमी पडला तर हक्काने बोलवा.