रोल हूप कॉलेजच्या मैदानावरही मोजला जावा

मा. संपादक,
स. न.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी फॉर्म्युला पद्धतीची उघडी रेसिंग गाडी बनवणे आता कोल्हापूरला नवे राहिलेले नाही. उद्यमनगरात फॅब्रिकेशनचा व्यवसाय करत असल्याने असे सांगाडे माझ्याकडेही येतात. गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पाइपाच्या दोन कमानी, म्हणजे रोल हूप, त्यात असतात. मध्यंतरी आलेल्या एका सांगाड्यात उंच चालकाला हेल्मेट घालून बसवले आणि पाठीमागच्या मेन हूपच्या माथ्यापासून स्टिअरिंगजवळच्या फ्रंट हूपच्या माथ्यापर्यंत सुतळी ताणली, तर ती हेल्मेटला घासत होती. माप संघातल्या बुटक्या मुलावर घेतले होते, असे विचारल्यावर समजले. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांच्या नियमांनुसार हेल्मेट या रेषेच्या किमान ५० मिलिमीटर खाली असावे लागते. कारण गाडी उलटली की ती या दोन माथ्यांवर टेकते आणि चालकाचे डोके वाचते ते तेवढ्याच मोकळ्या जागेत.

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थी स्पर्धेच्या तपासणीत अशी गाडी अडवली जाते. मेन हूप एकसंध पोलादी पाइपाचा हवा, चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, हे तिथे काटेकोरपणे पाहिले जाते. कॉलेजच्या मैदानावर मात्र नारळ फुटतो, हार पडतो आणि गाडी सुटते. मोजणारे कोणी नसते. दोन तुकडे जोडून ग्राइंडरने साफ केलेला किंवा वाकवताना आतून चेमटलेला पाइप रंगाखाली दिसत नाही.

हूप उंच केला की वजन वाढते, अशी मुलांची तक्रार असते. पण २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वानयू यांची फॉर्म्युला वन गाडी उलटून घसरत गेली, तेव्हा चाचणीत उत्तीर्ण झालेला रोल हूपही मोडला आणि २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या हॅलोने, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याने, त्यांना वाचवले. पुढच्याच वर्षी हूपचे नियम कडक झाले. आपल्या मुलांच्या गाड्यांना हॅलो नसतो, त्यांचा सारा भरवसा त्या दोन कमानींवर.

म्हणून प्रात्यक्षिकाआधीही स्पर्धेइतकीच तपासणी, तीही सर्वांत उंच चालकाला बसवून, महाविद्यालयांनी सक्तीची करावी. (आपल्या दैनिकातही हेल्मेटविना गाडीत बसलेल्या मुलांची छायाचित्रे छापली जाऊ नयेत, ही विनंती.) सांगाडा रंगवण्यापूर्वी आणल्यास तो मोजून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, उद्यमनगर, कोल्हापूर