छोट्याची शब्दांची वही, आणि ताईचं उत्तर

वेलिंग्टन, न्यूझीलंड
जुलै

प्रिय छोट्या,

तुझ्या इंग्रजी शब्दांच्या वहीचे फोटो मिळाले. अक्षर सुधारलंय, ते आधी सांगते. त्यांच्या पाठोपाठ आईचा फोन आला, "पोरगं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शब्द घोकतंय, जेवणाचंही भान नाही, तूच सांग काहीतरी." फोनवर सांगितलं की तू नुसतं 'हो ताई, हो ताई' करतोस. म्हणून हे लिहून पाठवतेय. आई-बाबांना नमस्कार सांग, आणि आजीला सांग की इकडे थंडी आहे पण तिने दिलेली गोधडी पुरते.

आता तुझी वही. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे मराठी अर्थ, उजवीकडे 'वाक्यात उपयोग'. शाळेत आपल्याला असंच शिकवलं, त्यात तुझा काही दोष नाही. पण उजवीकडचा रकाना बघ जरा. 'ही इज अ टेनेशस मॅन.' 'शी इज अ मेटिक्युलस गर्ल.' 'माय फादर इज अ प्रॅग्मॅटिक पर्सन.' पानंच्या पानं अशी. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण पहिल्या वाक्यातला टेनेशस काढ आणि तिथे लेझी घाल, टॉल घाल, रिच घाल. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. म्हणजे त्या वाक्याला तुझ्या शब्दाची गरजच नव्हती, आणि म्हणूनच तो लक्षातही राहत नाही.

त्यापेक्षा आपल्या बांधावरची हराळी घे. 'वी डग द वीड आउट अगेन अँड अगेन, बट इट वॉज सो टेनेशस दॅट इट केम बॅक विथ द फर्स्ट रेन.' आता इथे लेझी घालून बघ. नाही बसत. वाक्य वाचणाऱ्याला डिक्शनरी न उघडता कळतं की हे चिवट, पाठ न सोडणारं काहीतरी आहे. नवीन शब्दाचं वाक्य करताना ही एकच कसोटी लाव: शब्दावर बोट ठेवून झाकला, तर बाकीच्या वाक्यावरून तो ओळखू यायला हवा. दिवसाला पन्नास वाक्यं अशी होणारच नाहीत, पाच होतील. होऊ देत.

आणि विषय शोधायला लांब जाऊ नकोस. तुझ्या क्लासच्या नोट्समधली वाक्यं लंडनच्या पावसावर नि न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकवर असतात, जे तू पाहिलेलं नाहीस. आपल्या आटपाडीत काय कमी आहे? डाळिंबावर तेल्या रोग येतो, त्यावर लिही: 'द भगवा व्हरायटी इज ससेप्टिबल टू बॅक्टेरियल ब्लाइट.' टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, त्यावर लिही: 'द लिफ्ट इरिगेशन स्कीम अलीव्हिएटेड द वॉटर शॉर्टेज.' पाऊस दगा देतो, त्यावर लिही: 'इरॅटिक रेनफॉल एक्झॅसर्बेटेड द शॉर्टेज.' तीन वाक्यांत ससेप्टिबल (सहज बळी पडणारं), अलीव्हिएट (हलकं करणं), इरॅटिक (बेभरवशाचा) आणि एक्झॅसर्बेट (आणखी बिघडवणं) असे चार अवघड शब्द आले, आणि चारही तुझ्या डोळ्यासमोरच्या गोष्टींना चिकटले.

आता मधला रकाना, मराठी अर्थाचा. तो काढून टाक असं मी म्हणणार नाही, आधाराला बरा असतो. पण त्यावर किती विसंबायचं ते बघ. तू 'मिटिगेट' समोर 'कमी करणे' लिहिलंयस आणि 'अलीव्हिएट' समोरही 'कमी करणे'. मग साहजिकच 'द टॅब्लेट मिटिगेटेड माय हेडेक' असं वाक्य झालं. अर्थ कळतो, पण तसं कोणी म्हणत नाही. अलीव्हिएट होतं ते दुखणं, हाल, गरिबी, टंचाई. मिटिगेट होतो तो धोका, परिणाम, नुकसान. इथे भूकंपाचं भय कायमचं, त्यामुळे रिस्क आणि मिटिगेट ही जोडी मला पेपरात, सरकारी पत्रकांत सारखी दिसते.

शब्दांची सोयरीक ठरलेली असते बघ. आपल्या मराठीचंच घे. आपण दिवा लावतो, कुलूप लावतो, जीव लावतो, नाट लावतो आणि एखाद्याची वाटही लावतो. हवा खातो, भाव खातो, मार खातो. यातलं एकही आपल्याला कुणी पाठ करून घेतलेलं नाही, ऐकून ऐकून आलं. आता एखाद्या परक्या माणसाने 'लावणे' समोर एक अर्थ लिहून घेतला आणि त्याच्या जोरावर बोलायला लागला, तर त्याची काय गत होईल? पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा, आपल्याला एक 'जोर' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. 'हेवी विंड' म्हटलंस तर इथले लोक समजून घेतील, पण थांबून बघतील. आणि वाऱ्याचा उल्लेख या गावात दिवसातून दहादा तरी होतोच, इतका तो बेफाम असतो. छत्री घ्यायचं इथे कुणाच्या मनातही येत नाही.

आणखी एक दाखवते. इथे शहरात फिरताना काही जुन्या इमारतींच्या दारावर नोटीस चिकटवलेली दिसते, त्यावर 'अर्थक्वेक-प्रोन बिल्डिंग' असं लिहिलेलं असतं, आणि मालकाने अमुक तारखेपर्यंत ती मजबूत करायची मुदतही दिलेली असते. हा 'प्रोन', म्हणजे आपलं 'प्रवण', तुला नवीन नाही. आपल्या तालुक्याच्या कागदपत्रांत 'ड्राउट-प्रोन एरिया' असायचंच, बाबांना विचार. भूकंप, दुष्काळ, अपघात, चुका: या शब्दाच्या शेजारी चांगलं काही बसतच नाही. 'प्रोन टू सक्सेस' असं तुझ्या वहीत आहे, ते खोड. 'कॉज' हे क्रियापदही बरंचसं त्याच स्वभावाचं. डॅमेज, डिले, पेन, ट्रबल यांच्याशी त्याचं जमतं. त्यामुळे 'हार्ड वर्क कॉज्ड हिज सक्सेस' कानाला खटकतं. तिथे 'लेड टू' घे. अशा गोष्टी अर्थाच्या रकान्यात मावत नाहीत.

मुख्य प्रश्न तू विचारलासच नाहीस, तो मीच काढते: शिकायचे कुठले शब्द? तुझ्या यादीत 'पल्क्रिट्यूड' (सौंदर्य) आहे. इतक्या दिवसांत इथे हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, लेखातही वाचला नाही. 'लोक्वेशियस' (बडबड्या), 'ऑबस्ट्रेपरस' (दांडगट) हेही तसेच. असले शब्द यादीत घातले की यादी भारदस्त दिसते, एवढाच त्यांचा उपयोग. तुझ्या क्लासवाल्यांनी यादी कुठून उचलली देव जाणे.

गंमत म्हणजे यावरचं सगळ्यात नावाजलेलं काम माझ्याच विद्यापीठात झालंय. व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टन, केबल कार घेऊन वर केलबर्नला यायचं की आलीच. इथल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान अशा चार शाखांतलं सुमारे ३५ लाख शब्दांचं लेखन गोळा केलं आणि कुठले शब्द सगळीकडे पुन्हा पुन्हा येतात ते मोजलं. रोजच्या वापरातले सुमारे दोन हजार शब्द आधीच बाजूला काढले होते. उरलेल्यांतून ५७० शब्दकुळं निघाली. कुळं म्हणजे अ‍ॅनालाइझ, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल हे सगळे मिळून एक. पाठ्यपुस्तकं आणि शोधनिबंधांतल्या मजकुराचा जवळजवळ दहावा हिस्सा एवढ्यातच येतो. कथा-कादंबऱ्यांत मात्र हेच शब्द दीड टक्काही भरत नाहीत, म्हणजे नुसत्या इंग्रजी कादंबऱ्या वाचून ते हाताशी येणार नाहीत.

त्या यादीतले पहिलेच शब्द बघ: असेस, अझ्यूम, डिराइव्ह, एव्हिडंट, इंडिकेट, इंटरप्रिट, सिग्निफिकंट, व्हेरी (खूप या अर्थाचा नव्हे, बदलणे या अर्थाचा). तू म्हणशील, हे तर मला येतात! ओळखीचे आहेत, वापरता येतात का? 'इंडिकेट' वापरून तेल्यावर एक वाक्य लिही, मग बोलू.

याच विद्यापीठातले पॉल नेशन यांचाही एक आकडा सांगते, म्हणजे तू एका महिन्यात सगळं इंग्रजी संपवायचा नाद सोडशील. शब्दकोश न उघडता वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायची, म्हणजे पन्नास शब्दांत फार तर एखादा अनोळखी यायचा, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात असं त्यांनी २००६ साली मांडलं. हे घोकून होणारं काम नाही, वाचनानेच होतं. घोकायचं ते निवडक.

तुझी परीक्षा आयेल्ट्स आहे, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा, त्यामुळे त्यापुरतं सांगते. लेखनाचे गुण चार निकषांवर सारखे वाटलेले असतात, त्यातला एकच शब्दसंपत्तीचा. आणि बँड सातच्या (सातव्या गुणश्रेणीच्या) वर्णनात कमी वापरातले शब्द यावेत असं म्हटलंय, पण शैलीचं आणि शब्दांच्या जोड्यांचं भान ठेवून. म्हणजे मी वर जे लिहीत बसले तेच. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध लिहिताना दोन ठिकाणी पल्क्रिट्यूड घुसवलास तर परीक्षक खूश होणार नाही, उलट त्याला कळेल की हा पाठ करून आलाय.

क्रियापदांकडे वेगळं लक्ष दे. 'डिस्कस अबाउट' आपल्या जिभेवर येतं कारण आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो. इंग्रजीत अबाउट नको. 'सजेस्टेड मी टू गो' नको, 'सजेस्टेड दॅट आय गो' हवं. यासाठी शिकणाऱ्यांसाठी केलेला एकभाषी (इंग्रजी-इंग्रजी) शब्दकोश वापर, मोबाइलवर फुकट मिळतो. ऑक्सफर्डचा जो आहे त्याचं मूळ जपानात आहे, माहीत आहे? हॉर्न्बी नावाचे इंग्रज शिक्षक तिथे शिकवायचे. आपल्यासारख्याच परभाषकांना क्रियापदामागे काय येतं तेच नेमकं अडतं, हे त्यांनी वर्गात पाहिलं आणि सहकाऱ्यांबरोबर तसा कोश केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला, ऑक्सफर्डने नंतर घेतला. म्हणून त्यात अर्थाबरोबर वाक्यरचनाही दिलेली असते. तू अर्थ वाचून कोश मिटतोस. खालची उदाहरणं वाच, खरा माल तिथे आहे.

उजळणीचं एवढंच: रात्री दोनपर्यंत जागू नकोस. लाइटनर नावाच्या जर्मन गृहस्थाने १९७२ साली सांगितलेली खोक्याची पद्धत कर. पेढ्यांचा रिकामा खोका घे, पुठ्ठ्याने पाच कप्पे कर. कार्डाच्या पुढच्या बाजूला तुझं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ, मागे शब्द. ओळखला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे दिवसाआड, आठवड्याने, असे लांबवत न्यायचे. उजळणी वहीवरून करू नकोस, कारण वहीत तुला शब्द आठवत नाही, त्याची पानावरची जागा आठवते.

रविवारपर्यंत दहा वाक्यं पाठव, सगळी घरची, शेताची किंवा एसटी स्टँडवरची. 'ही इज अ' ने सुरू होणारं एकही नको. मी लाल पेन घेऊन बसतेय.

बाबांना विचार, मृग बहराची फळं कितपत धरलीत, आणि मोटर दुरुस्त झाली का. माझी शिष्यवृत्ती या महिन्यात वेळेवर आली, काळजी करू नका म्हणावं. आईला सांग, इथे इंडियन दुकानात येसर मसाला नाही मिळत. कुणी येणार असेल तर पाव किलो पाठव, ज्वारीचं पीठ मात्र मिळतं.

तुझी,
ताई

ता. क. आजीला माझं पत्र मोठ्याने वाचून दाखव. इंग्रजी वाक्यं आली की तिला मराठीत सांग. अडखळलास तर ते वाक्य तुलाच कळलेलं नाही असं समज आणि त्याचं कार्ड पहिल्या कप्प्यात टाक.