घोडा नको, एसटीनं ये

लातूर, मे अखेर

प्रिय देवदत्त,

सप्रेम नमस्कार. तुझा तो मेसेज पोचला. कल्की जन्मलाय, जग बुडायला थोडेच दिवस उरलेत म्हणे! मी आईला वाचून दाखवला, तर ती विचारते, "मग औंदा सोयाबीन पेरायचं का न्हाई?"

शेवटी आण्णांच्या कपाटातलं भागवत काढलं, बारावा स्कंध. कलियुग एकूण ४,३२,००० वर्षांचं. सुरुवात इ.स.पू. ३१०२ ची धरतात, म्हणजे सरली जेमतेम पाच हजार. सव्वाचार लाखांहून जास्त बाकी आहेत लेका, तेवढ्यात आपलं पीककर्जसुद्धा फिटेल. कल्की येणार तो कलियुगाच्या शेवटी, शंभल गावात, विष्णुयशाच्या घरी. आणि त्याच्या घोड्याचं नाव माहितीये? देवदत्त! शाळेत कळलं असतं तर तुझी काही खैर नव्हती.

कलियुगाच्या खुणाही वाचल्या. केस राखले की झालं सौंदर्य, पोट भरलं की झाला पुरुषार्थ. यावर हसू येतं. पण त्यातच लिहिलंय, लांबचं पाणी म्हणजेच तीर्थ. तिथं थांबलो. एप्रिल २०१६ आठवतो? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढच्या एका गाडीला आपण स्टेशनात गेलो होतो. शेजारच्या म्हातारीनं वाघिणीला हात जोडले, आणि तू फोटो काढायला वर केलेला मोबाइल खिशात घातलास. ते लिहिणाऱ्याला मिरज कुठं ठाऊक होती!

मला खरी आवडली ती दोन माणसं, ज्यांच्यावर कुणी मेसेज करत नाही. शंतनूचा भाऊ देवापी आणि सूर्यवंशातला मरू. दोघं कलाप गावात योगबळावर तग धरून बसलेत. कली सरला की धर्माची घडी पुन्हा यांनीच बसवायची. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजी बियाणं राखलंय की!" एवढं नेमकं आमच्या कीर्तनकारबुवांनाही सुचलं नसतं.

तिनं गेल्या आठवड्यातच घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. काल उघडले, चौऱ्याहत्तर उगवलेत. पेरायचं ठरलं. मृगाचा चांगला ओलावा झाला की कळवतो, तू ये. तिफणीमागं माणूस कमी आहे.

तुझाच,
बाळू